पहिली नोटीस

आपली मुलगी नक्की काय काम करते हे दशरथराव ओव्हाळांना ज्या सकाळी समजलं, त्या सकाळी शेजारच्या जोगळेकर सरांच्या डोक्याला शांपू लागलेला होता आणि नळाचं पाणी गेलेलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

धायरीच्या अनुपम सोसायटीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, टाकीत ते टँकरमुळे येतं, आणि टँकर त्याच्या मनाला येईल तेव्हा येतो. टँकर लांबला आणि टाकी तळाला गेली, की वॉचमन हिंदुराव गच्चीवर चढतो, जास्त पाणी कुठल्या लाइनीतून जातंय याचा अंदाज घेतो आणि त्या लाइनीचा कॉक बंद करून खाली येतो. सांगत कुणालाच नाही. टाकी पार रिकामी झाली तर तळाचा गाळ सगळ्यांच्याच नळाला येणार, त्यापेक्षा एका लाइनीचे हाल झालेले परवडले, असा त्याचा विचार. विचारात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त ती एक लाइन दर वेळी जोगळेकरांची निघायची.

श्रीनिवास जोगळेकर शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शनिवार पेठेतून धायरीला राहायला आल्याचं दुःख त्यांनी अजून पुरतं गिळलेलं नव्हतं. त्या दिवशी ते टॉवेल गुंडाळून ओव्हाळांच्या दारात उभे राहिले. कपाळावरून फेस ओघळत होता, पण आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा शांत होता.

"अहो ओव्हाळ, आपण चेअरमन आहात म्हणून विचारतो. मी असाच सुकू, की आपण काही व्यवस्था करणार आहात?"

दशरथराव ओशाळले. त्यांच्या पत्नी शालनताईंनी लगबगीने आपल्या बाथरूमची वाट दाखवली, बादलीभर पाणी काढून दिलं आणि जोगळेकर आत गेले. टेबलाशी पोहे खात बसलेली मैत्री इतका वेळ हसू दाबत होती. दार लागल्यावर तिला ते आवरेना.

"पप्पा, मी ऑफिसमध्ये काय करते असं तुम्ही सारखं विचारता ना? मी हेच करते," ती म्हणाली.

मैत्री एका कंपनीत होती. ती कंपनी स्वस्तातल्या मोबाईलची ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. म्हणजे सगळा फोन आतून सांभाळणारी व्यवस्था. दशरथरावांना यातलं 'स्वस्तातले मोबाईल' एवढंच आजवर कळलेलं होतं. पण आज उदाहरण बाथरूममध्येच होतं, त्यामुळे मैत्रीला फार कष्ट पडले नाहीत. फोनची मेमरी म्हणजे आपली गच्चीवरची टाकी, असं तिने सांगितलं. ॲप्स म्हणजे फ्लॅट. आणि सिस्टीम म्हणजे हिंदुरावकाका. मेमरी संपत आली, की सिस्टीम एखादं ॲप धरते आणि बंद करून टाकते. माणूस अर्धा फॉर्म भरून बसलेला असतो आणि समोरून फॉर्मच नाहीसा होतो.

दशरथरावांनी चमचा खाली ठेवला. "न सांगता?"

"न सांगता."

"नोटीस नाही? आपलं म्हणणं मांडायची संधी नाही?"

"काहीच नाही."

दशरथरावांची सगळी नोकरी कलेक्टर कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली होती. शिपायालासुद्धा नोटीस दिल्याशिवाय काढता येत नाही, हे त्यांनी तीन-चार कलेक्टरांना अत्यंत नम्रपणे समजावून सांगितलेलं होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या खिशातल्या फोनमध्ये रोज बिनदिक्कत हे प्रकार चालू होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि जरा संशयानेच त्याच्याकडे पाहिलं.

मैत्री म्हणाली की ती तेच बदलायला बघते आहे. मेमरी कमी पडायला लागली की सिस्टीमने आधी ॲप्सना इशारा द्यायचा. बाबांनो, जागा संपत आली आहे, अर्धवट काम जपून ठेवा, नको असलेलं टाकून द्या. तरीही भागलं नाही, तरच कुणाला तरी बंद करायचं. वर्षभर ती यावर काम करत होती. सोमवारी वरिष्ठांसमोर ते चालवून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नव्या फोनमध्ये जाणार, नाही पडलं तर वर्षाचं काम बासनात. आणि तिच्याच टीममधला सीनियर सलिल पहिल्या दिवसापासून विरोधात होता. त्याचं म्हणणं, ॲपला सांगून ऐकतंय कोण, जो जास्त खातो त्याला उडवायचं आणि मोकळं व्हायचं.

"हा सलिल कोणत्या खात्यातून आलाय?" दशरथरावांनी विचारलं.

त्या दिवसापासून दशरथराव वेगळेच झाले. इतकी वर्षं ते लोकांना 'मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगायचे आणि लोक लगेच आपल्या बिघडलेल्या प्रिंटरबद्दल विचारायचे. आता त्यांच्याकडे एक पूर्ण वाक्य आलं होतं. ते त्यांनी भाजीवालीला ऐकवलं, बँकेत रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना ऐकवलं, मंगळवार पेठेतल्या थोरल्या बहिणीला फोन करून ऐकवलं. सांगता सांगता ते वाढत गेलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये ते कुणाला तरी सांगत होते, की आमची मैत्री फोनला कायदा शिकवते. गॅलरीतून ऐकणाऱ्या मैत्रीला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. खरं सांगायचं तर बरंच जास्त वाटलं.

म्हणून रविवारी घडलं त्याचा सगळा दोष दशरथरावांच्या माथी मारता येत नाही.

सोमवारची तालीम रविवारी ओव्हाळांच्या घरी करायची असं ठरलं होतं. सलिल कर्वेनगरहून येणार होता. शालनताईंच्या हातचं मटण टीममध्ये नावाजलेलं होतं, त्यामुळे विरोध असला तरी येणं त्याने लगेच कबूल केलं. हे कळल्यावर दशरथरावांच्या डोक्यात आलं, की त्याच दिवशी मैत्रीची पद्धत सोसायटीच्या टाकीला लावून दाखवावी. डोळ्यांनी बघितलं की सलिलचं तोंड आपोआप बंद होईल. मैत्री म्हणाली, पप्पा नको, टाकी वेगळी आणि फोन वेगळा. त्यावर, टाकी म्हणजे मेमरी हे तूच सांगितलंस, असं दशरथरावांनी तिला ऐकवलं. आणि आतून तिलाही ते बघायचंच होतं.

दशरथरावांनी नोटिशीचा मसुदा तयार केला. तो 'विषय : गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी खालावल्याबाबत' असा सुरू होत होता, आणि उपरोक्त, सबब, अन्यथा अशी वळणं घेत खाली येत होता. मैत्रीने तो वाचला. तोवर टाकी भरून पुन्हा रिकामी होईल, असं म्हणून तिने त्याचं एका ओळीचं केलं. 'टाकीत पाणी कमी आहे. जपून वापरा.' हिंदुरावला ताकीद मिळाली, की विचारल्याशिवाय कुठल्याही कॉकला हात लावायचा नाही. पाणी उतरलं की फक्त येऊन सांगायचं.

रविवारी सलिल आला तेव्हा जिन्यापर्यंत वास पोचलेला होता. तो चपला काढतोय तोच मागून हिंदुराव आला.

"सायेब, पाणी लय खाली गेलं हाय. टँकरवाला म्हणतोय, दुपारच्या आधी काय जमायचं न्हाय."

दशरथरावांनी इतक्या आनंदाने कुणाच्या तोंडून वाईट बातमी क्वचितच ऐकली असेल. त्यांनी सलिल आणि मैत्रीला गॅलरीत नेलं, चष्मा लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर ती एक ओळ पाठवली. मग दोन्ही हात मागे बांधून ते खाली बघत उभे राहिले, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढून झाल्यावर उभे राहतात तसे.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डक्टमधल्या पाइपांतून आधी एक हलकी शीळ ऐकू आली. मग दुसरी. मग सगळे पाइप एकदम घुमायला लागले. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज समोरच्या खिडकीतून आला, त्याच्या वरच्या खिडकीतून आला, खालच्या मजल्यावरून स्टीलच्या पिंपाचा आला. कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगितलं, की मशीन लाव आधी, कालचेही कपडे टाक. एका घरात झोपलेल्या मुलांना उठवून अंघोळीला पिटाळलं गेलं. एरवी रविवारी बारापर्यंत ज्यांच्या घरात कुणी नळाला हात लावत नाही, त्यांनीसुद्धा पातेली, कुकर, पाण्याच्या बाटल्या आणि कुंडीला घालायची झारी भरून घेतली. सगळी सोसायटी जपून वापरायचं पाणी मिळेल त्या भांड्यात जपून ठेवत होती.

"रिस्पॉन्स चांगला आहे काका," सलिल म्हणाला.

दशरथराव मागे वळले. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच मोरीत, शालनताई पिंपाखाली पाइप लावून उभ्या होत्या.

"अगं, तू काय करतेस?"

"तुमचा मेसेज आला ना," शालनताई म्हणाल्या.

सगळे जेवायला बसले. पहिली वाढ झाली, सलिलने रस्सा मागून घेतला, आणि स्वयंपाकघरातला नळ दोन-तीनदा खोकला. हिंदुराव पुन्हा दारात आला. या वेळी त्याच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकाला चिखल होता. टाकीत आता एवढंच हाय, असं त्याने दाखवलं. दशरथरावांचा घास हातातच राहिला. एरवी एवढ्या पाण्यात टँकर येईपर्यंत सोसायटी निभावून नेते. आज ते मटणाची दुसरी वाढ व्हायच्या आत संपलं होतं.

त्याच वेळी दाराबाहेर ओल्या चपलांचा आवाज झाला.

जोगळेकर दर रविवारी सकाळी मार्केट यार्डात जाऊन आठवड्याची भाजी आणतात. पत्नी कुसुमताई लेकीकडे गेलेल्या. ते नुकतेच घामेजून घरी आले होते, पिशवी स्वयंपाकघरात ठेवली, पिशवीतच राहिलेल्या फोनकडे न बघता बाथरूममध्ये शिरले आणि केसांना शांपू लावला. ते ओव्हाळांच्या दारात आले तेव्हा या वेळी फेस पांढरा नव्हता. नळाला शेवटी जो गाळ आला, तो त्यांनी डोळे मिटलेले असताना अंगावर घेतला होता.

"सर, मी नोटीस दिली होती," दशरथराव कसेबसे म्हणाले. "ग्रुपवर."

"डोळ्यांत शांपू असताना मी ग्रुप वाचत नाही. हा माझाच दोष."

शालनताई त्यांच्यासाठी पाणी काढायला गेल्या. इमारतीत पाणी होतं तेवढंच होतं, फक्त आता ते टाकीत नव्हतं. प्रत्येक घरात पिंप काठोकाठ होतं, आणि आपल्याला पुरेल की नाही या काळजीने कुणी कुणाला तांब्याभरही देत नव्हतं. सलिल मात्र खुशीत होता. रश्शाचा हात तसाच धरून तो म्हणाला, "मैत्री, सोमवारी हेच होणार. यू वॉर्न एव्हरीबडी, आणि एव्हरीबडी पॅनिक. माझ्या मेथडमध्ये फक्त जोगळेकरकाका गेले असते. सगळी बिल्डिंग वाचली असती."

"म्हणजे दोन्ही पद्धतींत मी जातोच," जोगळेकर म्हणाले आणि बादली घेऊन आत गेले.

दशरथराव ताटावरून उठले. दारोदार मुलीचं नाव सांगत हिंडताना ते कधी असे दिसले नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची कला त्यांना कधीच जमलेली नव्हती.

"मैत्री, मी तुझ्या कामाचं हसं केलं," ते म्हणाले. "मला मिरवायचं होतं म्हणून."

पण मैत्रीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती हात तसाच ठेवून भिंतीकडे बघत होती. मग तिने डाव्या हाताने लॅपटॉप ओढला आणि चाचणीचा फोन त्याला जोडला. आजवर तिने आपली पद्धत एकेका ॲपवर तपासली होती. एकाला इशारा दिला की ते शहाण्या मुलासारखं ऐकायचं, पसारा आवरायचं, बाजूला बसायचं. आज तिने एकदम सगळी ॲप्स उघडली, मेमरी संपत आणली आणि सगळ्यांना एकाच वेळी इशारा जाऊ दिला.

फोन हललाच नाही. कपाट आवरायला काढलं की आधी त्यातलं सगळं पलंगावर येऊन पडतं, तसं झालं होतं. झोपलेली ॲप्ससुद्धा इशारा ऐकून जागी झाली, आवरायला म्हणून प्रत्येकाने आपला पसारा बाहेर काढला, आणि जी थोडी जागा उरली होती ती त्यातच गेली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, मग तोही थांबला.

सलिलच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. विरोध असला तरी तो माणूस वाईट नव्हता, आणि उद्या सगळ्यांसमोर आपल्या टीमचा फोन असा गोठलेला बघणं त्यालाही नको होतं. "हे उद्या झालं असतं तर?" तो म्हणाला.

"उद्या झालंच असतं," मैत्री म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, खरं सांग. तू पाणी का भरलंस?"

"सगळे भरणार हे ठाऊक होतं म्हणून."

"आणि पिंप रिकामं होतं?"

"नाही. भरलेलं होतं. पण ते कालचं शिळं पाणी. ते ओतून टाकलं आणि ताजं भरलं."

चेअरमनच्या घरातलं भरलेलं पिंप टंचाईच्या नोटिशीनंतर मोरीत ओतलं गेलं होतं. दशरथराव हळूच खाली बसले.

"मला आधी सांगितलं असतं तर?" शालनताई जरा चिडूनच म्हणाल्या. "टाकी अर्धी होती तेव्हा, मला एकटीला, हळू सांगायचं. मी नळ बंद ठेवून शिळं वापरलं असतं. सगळ्यांना एकदम घाबरवल्यावर काय करणार माणूस?"

मैत्रीला हसू फुटलं. या वेळी तिने ते दाबलं नाही. तिने हात धुतले, तेही त्याच ताज्या पाण्याने, आणि लॅपटॉपपुढे बसली. सलिलने खुर्ची तिच्या शेजारी ओढली. तिची पद्धत मोडीत निघावी म्हणून आलेला तो माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच होता. मधे टँकर आला, शालनताईंनी दुसऱ्यांदा ताट वाढलं, जोगळेकर स्वच्छ होऊन आले आणि काय चाललंय ते न समजता बराच वेळ मागे उभे राहून बघत राहिले. नव्या पद्धतीत इशारा सगळ्यांना एकदम जाणार नव्हता. जागा अजून पुरेशी असताना जायचा, आणि एकेकालाच. ज्याने भरपूर साठवलंय आणि जो ते वापरत नाही, त्याला आधी. जो कामात आहे, म्हणजे ज्याच्या डोक्याला शांपू आहे, त्याला सगळ्यात शेवटी.

"आणि एकदम पहिल्यांदा कुणाला?" सलिलने विचारलं. "सिस्टीमचा स्वतःचाच केवढा साठा असतो. तो तसाच ठेवून दुसऱ्यांना कसं सांगायचं?"

मैत्रीने याचा विचार केला आणि म्हणाली, "बरोबर आहे. सिस्टीमने आधी स्वतःच्या घरातलं काढायचं. मगच दुसऱ्याचं दार वाजवायचं."

दशरथराव हे ऐकत होते. सगळं समजलं असं नाही, पण ही शेवटची दोन वाक्यं त्यांना नीट समजली.

सोमवारी मैत्री ऑफिसला गेली आणि दशरथरावांना घरात बसवेना. त्यांनी पेपर तीनदा उघडला. शालनताईंनी निवडायला दिलेली मेथी देठांसकट निवडली. शेवटी ते जोगळेकरांकडे जाऊन बसले. चहा न मागता आला आणि टीव्ही बंद झाला. दोघंही फोनकडे बघत बसले होते. असं दिसू नये म्हणून जोगळेकर मधूनमधून पानिपताच्या रसदेविषयी बोलत होते.

फोन आला आणि दशरथरावांनी तो पहिल्याच रिंगला उचलला. मैत्रीने सांगितलं, की तिने सुरुवातच अनुपम सोसायटीच्या टाकीपासून केली. त्यांच्या वरिष्ठ दीपाली मॅडम कधी हसत नाहीत, त्या शिळ्या पाण्याला हसल्या. मग सगळी ॲप्स उघडून दाखवली, आणि फोन एकदाही थांबला नाही. कुणाचं अर्धवट काम गेलं नाही. एकही ॲप मारावं लागलं नाही. सलिल उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की इशारा मैत्रीचा ठेवा, मारायचं काम माझ्याकडे राहू दे, आता ते फारसं निघणार नाही. नव्या फोनमध्ये तिची पद्धत जाणार होती.

लाखो फोन, दशरथरावांना वाटलं. कुठे कुठे कुणाकुणाच्या हातात, आणि प्रत्येकात नोटिशीशिवाय कुणाला काढायचं नाही अशी तरतूद. आणि ती आपल्या मैत्रीने केलेली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"पास झाली," एवढंच ते जोगळेकरांना म्हणाले.

"होणारच होती," जोगळेकर म्हणाले. "ओव्हाळ, हे तुम्ही आजपासून सगळ्यांना सांगत सुटणार. मला आधी सांगितलंत, बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात टँकर पुन्हा लांबला. हिंदुराव या वेळी टाकी अर्धी असतानाच खाली आला, कारण त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं. दशरथरावांनी ग्रुपवर काही टाकलं नाही. त्यांनी कपडे बदलले, कोरा कागद घेतला आणि आपल्या टपोऱ्या सरकारी अक्षरात नोटीस लिहिली. मैत्री ऑफिसला गेलेली असल्यामुळे ती छोटी करायला कुणी नव्हतं. तिच्यात उपरोक्त होतं, सबब होतं आणि अन्यथाही होतं. कागदाची घडी घालून ते स्वतःच्याच दाराबाहेर गेले आणि त्यांनी बेल वाजवली.

शालनताईंनी दार उघडलं. नोटीस 'श्री. दशरथ ओव्हाळ, सदनिकाधारक' यांना उद्देशून होती आणि खाली 'दशरथ ओव्हाळ, चेअरमन' यांची सही होती. त्यांनी ती दारातच वाचली.

"नळ बंद करते," त्या म्हणाल्या. "पण चेअरमनना विचारा, शिळ्या पाण्याने अंघोळ करायची त्यांची तयारी आहे का?"

चेअरमनांची तयारी होती. त्यांनी कालच्या पाण्याने अंघोळ केली, तीही सावकाश आणि मोठ्याने गुणगुणत. मग ते पुढच्या दाराकडे गेले नाहीत, कारण तशी गरज पडली नाही. त्यांच्याच घरच्या साठ्याने आणि बंद नळाने टाकी टँकर येईपर्यंत पुरली.

पण गोष्ट एवढ्यावर थांबती तर ते दशरथराव कसले. सबंध नोकरीत त्यांना एकदाही मेमो मिळाला नव्हता, खुलासा मागितला गेला नव्हता, नोटीस तर लांबच. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी ते मुद्दाम बोलून दाखवलं होतं आणि दशरथरावांना त्याचा अभिमान होता. आता आयुष्यातली पहिली नोटीस मिळाली, तेव्हा त्यांनी तिची एक प्रत काढून लिफ्टशेजारच्या फलकावर लावली. पावशेर पेढे आणले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दिले.

संध्याकाळी जोगळेकर फिरायला निघाले. फलकापाशी दशरथरावांनी दिलेला पेढा खात त्यांनी ती नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली.

"अहो ओव्हाळ, टंचाईची नोटीस आपल्यालाच आलीय, आणि पेढेही आपणच वाटताय?"

"नोटीस सोडा सर. शेवटची ओळ वाचा."

जोगळेकरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तळाशी, चेअरमनांच्या सहीच्याही खाली, वेगळ्या शाईने आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पद्धत : कु. मैत्री दशरथ ओव्हाळ.' जोगळेकरांनी ते नाव मोठ्याने, पूर्ण वाचलं. मग त्यांनी दुसरा पेढा उचलला.